ओलिताची हेडटॉर्च आंबोलीच्या बेडकांवर कशी चालली (तीन स्टार)

तीन स्टार देऊन राहिलो, अन् त्यातला एक तर नुसता सेलच्या झाकणाच्या रबरासाठी आहे. डब्यावर छापलेलं अर्धं सोडून द्या. दहा हजार लुमेन म्हणे, लुमेन म्हणजे उजेडाचं माप. एवढा उजेड या एका सेलमधून निघाला असता तर ग्रामपंचायतीनं खांबावरचे दिवे काढून हीच लटकवली असती. सेलवर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचा आकडा) लिहिलंय, आता हिच्यातला १८६५० साइजचा सेल चांगल्यातला चांगला घेतला तरी ३५०० ते ४००० पर्यंत जातो, बाकीचा आकडा छापणाऱ्याची मर्जी. पण मी लुमेनसाठी लिहायला बसलोच नाही. खालचे सगळे रिव्ह्यू 'लय पॉवरफुल', 'अर्धा किलोमीटर जाते' असेच आहेत, माझं म्हणणं उलटं आहे, बारकी वस्तू पाहायची असेल तर हिचा सगळ्यात कामाचा मोड म्हणजे सगळ्यात मंद मोड, अन् बनवणाऱ्यानं नेमका त्याचाच सत्यानाश करून ठेवलाय.

बारकी वस्तू म्हणजे बेडूक. हसा, घरचेही हसले.

घेतली मात्र ओलितासाठीच, ६४९ रुपयांत. आमचं वावर अमरावती जिल्ह्यात मोर्शीकडं, थोडी संत्रा, बाकी गहू-हरभरा, अन् शेतीची थ्री फेज लाईट पाळीपाळीनं, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, त्यामुळं हिवाळ्यात अर्ध्या रात्री उठा, मोटर चालू करा अन् फावडं घेऊन पाण्यामागं फिरा. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून टॉर्च डोक्यावरचीच पाहिजे. त्या कामाला ही बरी आहे, धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, त्या टोकापर्यंत दिसते, सापावर पाय पडत नाही, संपला विषय.

पुढचं सगळं भाच्यामुळं झालं. तो अमरावतीला झूलॉजीत एमएस्सी करतो, दिवाळीत आला तर रात्री माझ्यासोबत वावरात निघाला, त्याला टॉर्च दिली अन् मी मोबाईलच्या उजेडात चाललो. तो मध्येच थांबला अन् म्हणाला, 'मामा, इकडं या, ही लावून पाहा.' धुऱ्यावरच्या गवतात बारके हिरवट-पांढरे ठिपके चमकत होते. म्हटलं दव आहे. तो म्हणे दव चालत नाही. कोळी होते ते, कोळ्यांचे डोळे, शेकड्यानं. काही जनावरांच्या डोळ्यात मागं चमकणारा थर असतो, उजेड ज्या वाटेनं आत गेला त्याच वाटेनं परत येतो, म्हणून टॉर्च आपल्या डोळ्याजवळ असली तरच ती चमक दिसते, हातातली बॅटरी कमरेपाशी धरली तर तोच कोळी दोन हातांवर असून दिसणार नाही. इतकी वर्षं हातातल्या बॅटरीनं ओलीत करून हे कधी दिसलं नव्हतं. हेडटॉर्च घेण्याचं हे खरं कारण, अन् डब्यावर याचा एक शब्द नाही.

पावसाळ्यात मग सवयच लागली. आमच्याकडचे बेडूक तसे ओळखीचे, पहिल्या मोठ्या पावसात डबक्यात पिवळेधमक होऊन ओरडणारे ते मोठ्ठे, ज्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात (याच जातीच्या तंगड्या परदेशात जायच्या, १९८७ ला निर्यात बंद झाली), न्हाणीघरात भिंतीला चिकटून बसणारा झाडावरचा बेडूक, जमिनीत उलटा घुसणारा गोलमटोल, अन् पाणी साचलं की वावरात करकर करणारा बोटाच्या पेराएवढा एक. पाऊस रुसला की पोट्टे ज्याला काडीला बांधून धोंडी मागत फिरतात तो बिचारा यातलाच कोणीतरी. हे सगळे फुल मोडवरही दिसतात, त्यांना काही फरक पडत नाही, अन् म्हणूनच टॉर्चची खरी परीक्षा आमच्या वावरात झालीच नाही.

ती झाली आंबोलीला.

भाच्यानंच डोक्यात घातलं. आंबोली टोड, म्हणजे तिथला खडबडीत कातडीचा बेडूक, पाहायचा तर पहिल्या पावसातच, जूनमध्ये, कारण तो पाऊस पडल्यावर थोडे दिवस बाहेर येऊन अंडी घालतो अन् मग त्याला शोधत फिरा. इकडं आबा भडकले, 'लोकं पेरणीच्या मांगं लागले अन् हा बेंडकं पाहाले चालला, तेही कोकणात!' पण राजेहो, कोकणात पाऊस आमच्या आधी येतो, अन् आमच्याकडं पहिल्याच सरीवर सोयाबीन टाकून दुबार पेरणीची पाळी कोण ओढवून घेणार, तेवढ्या फटीत जाऊन येता येतं. बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं कोल्हापूर, तिथून आजऱ्यावरून आंबोलीची एसटी. प्रवासाचं सांगत नाही, कंबर अजून सांगते.

आता या प्राण्याबद्दल थोडं सांगावंच लागते, नाहीतर टॉर्चचं रडगाणं कळणार नाही. शास्त्रीय नाव झॅन्थोफ्रिन टायगरिना. बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू अन् त्यांच्या सोबतच्या लोकांनी २००९ मध्ये नाव दिलं, म्हणजे आंबोलीला हजारो लोक धबधबा पाहून भजी खाऊन गेले तरी शास्त्राच्या वहीत त्याचं नावच नव्हतं. त्याच्या वंशात आणखी एकच जात, कोयनेकडची झॅन्थोफ्रिन कोयनायेन्सिस, ती १९६३ मध्येच नोंदलेली, अन् दोघांचंही घर सह्याद्री सोडून जगात कुठं नाही. आंबोलीवाल्याला आययूसीएननं, म्हणजे जगातल्या धोक्यातल्या जिवांची यादी ठेवणाऱ्या संस्थेनं, अतिसंकटग्रस्त यादीत टाकलंय, म्हणजे शेवटून तिसरी पायरी, त्यानंतर जंगलातून नाहीसा अन् मग नामशेष. आंबोली अन् आसपासचा थोडा डोंगर एवढंच त्याचं राज्य, आमचा मोर्शी तालुका त्याहून मोठा भरेल. एखाद्या जातीचं सगळं काही एका घाटमाथ्यावर असणं म्हणजे काय हे आम्हा कापूस-संत्र्यावाल्यांना समजावून सांगायची गरज नाही, एकाच पिकावर बसलेल्या माणसाला एक गारपीट पुरते.

राहतो तो जांभ्या दगडाच्या सड्यावर. सडा म्हणजे वरचं सपाट खडकाळ पठार, त्यात खळगे, पावसाचं पाणी साचून अंगठा बुडेल न बुडेल एवढी डबकी होतात, त्यात हा अंडी घालतो. पाऊस मध्येच थांबला, ऊन पडलं, डबकं आटलं की गेलं सगळं. म्हणजे दुबार पेरणी त्यालाही चुकली नाही.

पहिल्या रात्री सड्यावर पोचलो तर धुकं अन् बारीक पाऊस. टॉर्च फुल मोडवर लावली अन् पुढं नुसतं पांढरं, स्वतःचे गमबूट दिसेनात. धुक्यात कपाळावरचा उजेड समोरच्या थेंबांवर आपटून सरळ आपल्याच डोळ्यात येतो. वावरात कामी येणारा तो डोळ्याजवळचा उजेड इथं उलटा पडला. उपाय साधा आहे, टॉर्च पट्ट्यासकट काढून हातात घ्या, गुडघ्याच्या उंचीवर धरा अन् जमिनीला जवळपास समांतर मारा, मग डबक्यातला प्रत्येक खडा सावली टाकतो अन् ज्या खड्याची सावली हलली तो बेडूक. पट्टा पटकन निघतो, हे मात्र चांगलं केलंय.

असाच सापडला पहिला. इंच-सव्वा इंचाचा, पाठ मातकट खडबडीत, दगडावर दगड. फुल मोडचा पांढराजर्द उजेड पडला की पाणी चमकतं, ओली पाठ चमकते अन् कुशीवरचे पट्टे पार धुऊन निघतात, मी म्हटलं याच्यासाठी एवढं तिकीट काढलं का बापा. भाच्यानं स्वतःची टॉर्च मंद करून बाजूनं धरली, तिचा उजेड जरा पिवळसर आहे, अन् तिथंच, त्याच बेडकाच्या कुशीवर पिवळे अन् काळे आडवेतिडवे पट्टे उमटले, वाघाचे असतात तसे, मांडीपर्यंत गेलेले. नावात टायगर का ते तिथं कळलं. बेडूक तोच, डबकं तेच, फक्त उजेड बदलला. आता मला सांगा, दहा हजार लुमेनचं काय करू?

लाल मोडचं पण सांगतो कारण प्रश्नोत्तरात एकानं विचारलंय. लाल उजेडावर किडे कमी येतात अन् बहुतेक बेडूक त्याला बिचकत नाहीत, ओरडत राहतात, म्हणून नुसतं बसून पाहायचं असेल तर चांगला. पण लाल उजेडात पिवळं अन् पांढरं एकसारखंच दिसतं, त्यामुळं ज्याची सगळी शान पिवळ्या पट्ट्यांत आहे त्याच्यासाठी हा मोड फुकट.

अन् आता मुख्य तक्रार. हिचं पांढऱ्या उजेडाचं बटण एकच. दाबलं की फुल, परत दाबलं की मध्यम, परत मंद, परत फ्लॅश, मग बंद. मंदवर यायचं तर आधी फुल सहन करा, अन् बंद करायचं तर फ्लॅश पार करूनच. सड्यावर डबक्याभोवती चार नर ओरडून राहिले, तुम्ही श्वास रोखून बसलाय, टॉर्च बंद करून नुसतं ऐकावं म्हणून बटण दाबलं की चकचकचकचक, सगळं चिडीचूप. भाच्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी आमच्या सासुरवाडीतही पाहिली नव्हती. फ्लॅश मोड कोणाला पाहिजे असतो? लग्नाच्या वरातीत लावायचा का? मंदपासून चालू होणारं बटण केलं असतं, फ्लॅश काढून टाकला असता, तर मी डोळे मिटून पाचही स्टार दिले असते, खर्चही वाढला नसता.

मंद मोडमध्ये आणखी एक भानगड म्हणजे मोबाईलवर व्हिडिओ घेतला की आडव्या काळ्या पट्ट्या सरकताना दिसतात. मंद करण्यासाठी ही टॉर्च आतून भराभर चालू-बंद होत असते, आपल्या डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. त्यामुळं व्हिडिओ मध्यम मोडवरच घ्यावा लागतो, अन् मध्यम म्हणजे परत पांढराजर्द. यावर आमचा जुगाड असा की गणपतीच्या डेकोरेशनचा पिवळा जिलेटीन कागद घरून नेला होता, त्याचा दुहेरी तुकडा काचेवर अन् वरून डॉक्टरी चिकटपट्टी. मध्यम मोड एकदम मऊ होतो अन् रंग खऱ्याच्या जवळ येतो. फुल मोडवर मात्र तो कागद ठेवू नका, काच तापते. झूम पुढं ओढला तर मधे एलईडीचा चौकोन पडतो, तो नकोच, मागं ढकललेला गोल उजेडच सारखा पसरतो.

झाडीतल्या बारक्या बेडकांना तर उजेड शेवटी लागतो, आधी कान. बुश फ्रॉग म्हणतात त्यांना, पानावर बसून टिकटिक करतात, काही इंचभरही नसतात. आवाज इतका मोठा अन् जीव एवढासा, वाटतं समोरच आहे, टॉर्च मारली की बंद, परत अंधार केला की परत चालू, अन् आता तो दुसरीकडूनच येतोय असं वाटतं. भाच्याची युक्ती अशी की दोघांनी पाच-सहा हात अंतरावर उभं राहायचं, दोन्ही टॉर्च बंद, ज्याला जिथून आवाज येतो तिकडं त्यानं हात लांब करायचा, मग मंद उजेड लावून दोन्ही हातांच्या रेषा जिथं एकमेकीला कापतात ते झुडूप शोधायचं. पानन् पान. हात लावून नाही हां, डोळ्यानंच, कारण आंबोलीत हिरवा चापडा अन् मलबारी चापडा हे साप अशाच फांद्यांवर पानांत मिसळून बसलेले असतात अन् दोन्ही विषारी. इथं डोक्यावरची टॉर्च परत कामाची, फांदीच्या वर-खाली पाहताना हात मोकळे राहतात.

या बुश फ्रॉगांची एक गोष्ट ऐकून मी तिथंच चाट पडलो. त्यांना डबकं लागतच नाही. अंड्यातच शेपटीचं वय काढून थेट बारका बेडूकच बाहेर येतो, मधे पाण्यात पोहणारं पिल्लू नाही. आंबोलीच्याच नावाचा एक आहे, सुडोफिलॉटस अंबोली, त्याचंही तसंच. शाळेत अंडी, शेपटीवालं पिल्लू, बेडूक अशी गोल चित्रं काढून मार्क घेतलेत आपण, अन् इथं पावसाळी जंगलाची ओली माती हीच त्यांची विहीर. जंगल तुटून माती सुकली की मग यांची सोय कोण करणार.

अन् हे सगळं सापडून गेलंय असंही समजू नका. पुण्याचे प्राणीशास्त्रज्ञ हेमंत घाटे सर, त्यांच्या नावाचा बुश फ्रॉग २०१३ मध्ये जाहीर झाला, म्हणजे महाराष्ट्रातलाच, सह्याद्रीचाच. २०१७ मध्ये केरळ-तमिळनाडूकडच्या घाटातून सोनाली गर्ग अन् बिजूंनी रातबेडकांच्या सात नव्या जाती दिल्या, त्यातल्या चार पार बारक्या, सगळ्यात लहान १२.२ मिलिमीटर. इतके दिवस दिसल्या का नाहीत, तर आकार लहान, राहणं गवता-पाल्याखाली अन् आवाज किड्यासारखा, ऐकणाऱ्याला वाटे रातकिडा आहे. ब्राझीलच्या डोंगरावरच्या जंगलात तर एक आहे ज्याचा पूर्ण वाढलेला नर सात मिलिमीटरच्या आसपास, सगळ्यात बारका तर साडेसहाचा, म्हणजे आमच्या हरभऱ्याच्या दाण्याएवढा. असा प्राणी टॉर्चच्या झगझगाटात शोधणारा माणूस त्याच्यावर पाय देऊन पुढं जाईल.

पाय देण्यावरून आठवलं. सड्याजवळ गाड्या थेट खडकावर चढवून लोक उतरत होते, मोठमोठ्या टॉर्च, स्पीकर, डबक्यातून चपला फटाफट. वाईट हेतू नसेल कोणाचा, पण ज्याची अंडी अंगठाभर पाण्यात आहेत त्याच्यासाठी एक गाडीचं चाक म्हणजे खलास. दिव्याच्या ताकदीवर रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी हेही कधी लिहावं.

स्वच्छतेचं एक राहिलं. निघायच्या आधी भाच्यानं माझे गमबूट घासून, धुऊन, वाळवून घेतले अन् या टॉर्चचा पट्टासुद्धा. बेडकाच्या कातडीवर काइट्रिड नावाची बुरशी येते, जगात कित्येक जाती तिनं संपवल्या, अन् ती ओल्या मातीतून, बुटांच्या तळव्यातून एकीकडून दुसरीकडं जाऊ शकते. वरून आपले फवारणीचे हात. बेडूक कातडीतून श्वास घेतो, पाणीही कातडीतूनच पितो, तणनाशक किंवा मच्छरचं मलम लागलेल्या बोटानं त्याला उचललं की ते सरळ आत. म्हणून हात लावायचा नाही म्हणजे नाही. पट्टा धुताना फवारणीच्या दिवसांतला पिवळा घाम निघाला बादलीभर, अन् एवढं धुऊनही इलॅस्टिक ढिलं पडलं नाही, याचे मार्क दिले पाहिजेत.

वॉटरप्रूफ म्हणाल तर नाही. खाली बारीक अक्षरात आयपीएक्स ४ आहे, म्हणजे शिंतोडे चालतील, बुडवणं नाही. आंबोलीचा पाऊस शिंतोड्यांत बसत नाही, दुसऱ्या रात्री काचेच्या आतून वाफ धरली, उजेडाभोवती धूसर कडं पडलं. पण सेलच्या डबीत एक थेंब गेला नाही, झाकणाचं रबर जाड अन् घट्ट आहे, तो पहिला स्टार त्याचाच. काच खोलून तांदळाच्या डब्यात ठेवली, सकाळपर्यंत साफ. चार्जिंगच्या टाइप सी भोकावरचं झाकण मात्र तिकडून आल्यावर तुटून पडलं, आता सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावलाय. विक्रेत्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं, 'प्रिय ग्राहक, आपल्या अनुभवाबद्दल धन्यवाद', अन् पुढं शुकशुकाट.

सेल मध्यम मोडवर माझ्या ओलिताची एक रात्र काढतो, पहाटे मंदावतो. आंबोलीत त्याआधीच बसला, एखादा जास्तीचा चांगल्या कंपनीचा सेल सोबत ठेवा, आकडा ४००० च्या वर लिहिलेला दिसला की दुकानातून निघा. आजकाल याच किमतीत पिवळसर उजेडाच्या अन् मंदपासून चालू होणाऱ्या टॉर्च मिळतात, भाच्याची तसलीच आहे, ज्याला बेडूक, कोळी, किडे पाहायचेत त्यानं ती घ्यावी. ज्याला फक्त ओलीत करायचं त्यानं ही घेतली तरी चालते.

अन् ते खाली कोणीतरी विचारलंय ना, फ्लॅश मोडनं रानडुकरं पळतात का म्हणून. आमच्याकडची पहिल्या दिवशी जरा थबकली, नंतर त्याच उजेडात आरामात हरभरा खाऊन राहिली होती. त्यासाठी कुंपणाचे पैसे जमवा भाऊ.